जुने संकेतस्थळ मोबाईलवर नीट दिसावे यासाठी मांडणी आणि मेनू कसा बदलावा?

अक्कलकोटरोड

नमस्कार. सोलापुरात आमचा टेरी टॉवेल आणि नॅपकिनचा कारखाना आहे. कारखान्याचे संकेतस्थळ जुने असून ते संगणकाच्या मोठ्या पडद्यासाठी बनवलेले आहे. डावीकडे उभा मेनू, मध्ये मजकूर, उजवीकडे नवीन मालाची छायाचित्रे अशी तीन रकान्यांची मांडणी आहे आणि मेनूवर माउस नेला की उपयाद्या उघडतात. आज मात्र आमचा घाऊक गिऱ्हाईक, मग तो हैदराबादचा असो की नागपूरचा, व्हॉट्सॲपवर आलेली लिंक दाबून फोनवरच माल पाहतो. त्याला सगळे पान बारीक अक्षरांत दिसते, उपयाद्या बोटाने उघडत नाहीत, आणि आकार, जीएसएम (एका चौरस मीटर कापडाचे ग्रॅममधील वजन) व दर यांच्या तक्त्याचा उजवा भाग वाचताच येत नाही. शेवटी तो फोन करून "मालक, रेट लिस्ट पाठवा" असे सांगतो.

माझे प्रश्न तीन आहेत. मोबाईलसाठी वेगळे संकेतस्थळ करावे, ॲप करावे, की आहे तेच बदलावे? सगळा मेनू तीन आडव्या रेघांच्या चिन्हामागे ठेवणे योग्य आहे का? आणि दरांच्या तक्त्याचे काय करावे? ज्यांनी हे काम प्रत्यक्ष केले आहे, त्यांनी सविस्तर लिहावे ही विनंती.

पार्कचौक

सर्वप्रथम पानाच्या कोडच्या शीर्षभागात व्ह्यूपोर्टचा मेटा टॅग, म्हणजे पान किती रुंद धरून दाखवावे हे ब्राउझरला सांगणारी ओळ, आहे का ते पाहावे. बारीक अक्षरांचे मूळ बहुधा तिथेच सापडेल. २००७ साली आयफोन आला तेव्हा जवळजवळ सगळी संकेतस्थळे संगणकाच्या रुंदीची होती, म्हणून त्यातील सफारी ब्राउझर पान ९८० पिक्सेल रुंद आहे असे धरून ते आखत असे आणि मग पडद्यात मावेल इतके लहान करत असे. आजचे फोनही टॅग नसलेल्या पानाशी साधारण असेच वागतात. टॅगमध्ये रुंदी म्हणून उपकरणाची रुंदी आणि सुरुवातीचे प्रमाण १ असे लिहिले की ब्राउझर हे आकुंचन थांबवतो.

परंतु केवळ टॅग घालून काम संपणार नाही. तुमची मांडणी ठरावीक पिक्सेलांत बांधलेली असेल, तर टॅगनंतर अक्षरे मोठी होतील आणि पान मात्र उजवीकडे पडद्याबाहेर जाईल. रुंदी टक्क्यांत किंवा ग्रिडच्या (रकान्यांच्या जाळीच्या) वाट्यांत देणे आणि तीन रकाने फोनवर एकाखाली एक आणणे, हे खरे काम आहे.

दमाणीनगर

पहिल्या प्रश्नाचे माझे उत्तर स्पष्ट आहे: वेगळे मोबाईल संकेतस्थळ करू नये. दोन संकेतस्थळे म्हणजे दर बदलला की दोन ठिकाणी बदल, आणि एका ठिकाणचा बदल राहून गेला की व्यापाऱ्याशी वाद. शिवाय फोनवरून पाठवलेली लिंक कोणी संगणकावर उघडली, तर त्याला मोठ्या पडद्यावर ताणलेले मोबाईलचे पान दिसते.

एथन मार्कॉट यांनी २०१० मध्ये 'रिस्पॉन्सिव्ह' रचनेची कल्पना मांडली, तिचे तीन घटक आजही तेच आहेत: लवचीक ग्रिड, जागेनुसार आकार बदलणारी चित्रे आणि मीडिया क्वेरी, म्हणजे पडद्याच्या रुंदीनुसार वेगळे नियम लावणारी अट. एकच मजकूर, एकच पत्ता आणि पडद्याच्या रुंदीनुसार बदलणारी मांडणी. सीएसएस, म्हणजे पानाची मांडणी ठरवणारे कोड, लिहिताना सर्वात अरुंद पडद्याची मांडणी आधी लिहावी आणि रुंदी वाढेल तसे 'किमान रुंदी'च्या अटीने रकाने वाढवत जावे. उलट क्रमाने लिहिले की जुने नियम रद्द करण्यासाठीच निम्मे नियम लिहावे लागतात.

शोधाच्या दृष्टीनेही हे महत्त्वाचे आहे. गुगलने २१ एप्रिल २०१५ पासून मोबाईलवरील शोधात मोबाईलस्नेही पानांना झुकते माप द्यायला सुरुवात केली आणि नोव्हेंबर २०१६ मध्ये त्यापुढचे पाऊल जाहीर केले. त्यानुसार पानाची नोंद आता मोबाईलवर दिसणाऱ्या रूपावरून घेतली जाते. त्यामुळे 'फोनवर जागा नाही' म्हणून मजकूर काढून टाकला, तर तो शोधाच्या हिशेबातूनही जातो.

लष्करकर

दमाणीनगर यांच्याशी सहमत आहे, पण ॲपचा विचार इतक्या सहज सोडून देऊ नये असे मला वाटते. जे व्यापारी नेहमी माल उचलतात, त्यांना जुनी ऑर्डर पुन्हा देणे, मालाची स्थिती पाहणे, बिल उतरवून घेणे या गोष्टी ॲपमध्ये अधिक सोप्या होतात.

दमाणीनगर

लष्करकर, नेहमीच्या गिऱ्हाइकाबद्दल तुमचे म्हणणे मान्य आहे. परंतु धागाकर्त्यांची अडचण पहिल्यांदा लिंक उघडणाऱ्या माणसाची आहे. टॉवेलचा दर पाहण्यासाठी तो ॲप उतरवून घेणार नाही. आधी संकेतस्थळ नीट करावे, नेहमीच्या गिऱ्हाइकांची मागणी आली तर ॲपचे पुढे पाहता येईल.

जुळेसोलापूर

मेनूबद्दल थोडे विस्ताराने लिहितो, कारण बहुतेक ठिकाणी काम इथेच बिघडते.

बोटाला 'वर नेणे' नसते, बोट एकतर टेकते किंवा टेकत नाही. म्हणून माउस वर नेल्यावर उघडणारी उपयादी फोनवर कधी उघडत नाही, तर कधी उघडताक्षणी मूळ दुवाच दाबला जाऊन भलतेच पान येते. उपयादी ठेवायचीच असेल, तर ती उघडण्यासाठी स्वतंत्र बटण असावे आणि ती उघडी आहे की बंद हे पडदावाचकालाही (अंध व्यक्तींना पान वाचून दाखवणाऱ्या प्रणालीलाही) कळावे अशी खूण त्या बटणाच्या कोडमध्ये द्यावी.

त्याहून आधीचा प्रश्न असा की उपयाद्या हव्यात कशाला? कारखान्यांच्या मेनूत साधारणपणे 'मुख्यपृष्ठ, आमच्याविषयी, संचालकांचे मनोगत, यंत्रसामग्री, उत्पादने, प्रमाणपत्रे, छायाचित्रे, संपर्क' असा क्रम असतो. हा क्रम मालकाच्या मनातला असतो. लिंक उघडणाऱ्या व्यापाऱ्याला माल कोणता, दर काय, किमान ऑर्डर किती आणि फोन कोणाला करायचा, एवढेच हवे असते. संगणकावर सगळे एकदम डोळ्यांसमोर येत असल्याने चुकीचा क्रम खपून जातो. फोनवर एका वेळी एकच गोष्ट दिसते, त्यामुळे काय आधी आणि काय नंतर हे ठरवावेच लागते. आधी कागदावर गिऱ्हाइकाचे प्रश्न त्यांच्या क्रमाने लिहावेत, मग प्रत्येक पानाला त्या क्रमात जागा द्यावी. जे पान कोणत्याच प्रश्नाचे उत्तर देत नाही, ते तळाशी न्यावे किंवा दुसऱ्या पानात मिसळावे. मनोगत काढून टाका असे मी म्हणत नाही, पण ते दराच्या आधी येऊ नये.

आता तीन रेघांविषयी. हे चिन्ह नॉर्म कॉक्स यांनी झेरॉक्स स्टार या १९८१ च्या संगणकासाठी रेखाटले होते आणि फोन आल्यावर ते सर्वत्र पसरले. तरीही मेनू चिन्हामागे गेला की तो उघडणाऱ्यांची संख्या घटते, कारण जे दिसत नाही ते आहे हेच लोकांना कळत नाही. माझा सल्ला असा की 'उत्पादने', 'दर', 'फोन' आणि 'व्हॉट्सॲप' हे चार दुवे पडद्याच्या तळाशी कायम दिसणाऱ्या पट्टीत असावेत, तिथे अंगठा सहज पोचतो. बाकीचे सारे तीन रेघांमागे ठेवावे आणि त्या चिन्हाशेजारी 'मेनू' हा शब्दही लिहावा.

बटणांचा आकारही सांगतो. ॲपलच्या मार्गदर्शनात स्पर्शाची जागा किमान ४४ पॉइंट आणि गुगलच्या मटेरियल या रचनापद्धतीत ४८ डीपी सांगितली आहे (पॉइंट आणि डीपी ही पडद्यावरची मापे). संकेतस्थळे सर्वांना वापरता यावीत यासाठीच्या डब्ल्यूसीएजी २.२ या मार्गदर्शक नियमांत २४ सीएसएस पिक्सेल ही किमान मर्यादा आहे, पण ती अगदी तळाची रेषा समजावी. कारखान्यात, बाजारात, एका हाताने फोन धरून बटण दाबणाऱ्या माणसासाठी ४८ च धरावे.

होटगीनाका

जुळेसोलापूर यांचा प्रतिसाद उत्तम आहे, क्रमाविषयीचे म्हणणे तर प्रत्येक कारखानदाराने वाचावे असे आहे. तळाच्या कायम पट्टीला मात्र माझा विरोध आहे. वर चिकटलेला शीर्षभाग, खाली चिकटलेली पट्टी आणि त्यात ब्राउझरच्या स्वतःच्या पट्ट्या, एवढे वजा केल्यावर लहान फोनवर वाचायला फारच थोडी जागा उरते, आणि फोन आडवा धरला तर काहीच उरत नाही. अर्ज भरताना कीबोर्ड उघडला की काही फोनांवर ही पट्टी कीबोर्डच्या डोक्यावर येऊन बसते आणि ज्या रकान्यात लिहायचे तोच झाकते. नव्या आयफोनवर तळाची मोकळी पट्टी हिशेबात धरली नाही, तर बटणे तिथल्या रेघेखाली जातात.

माझ्या मते मुख्यपृष्ठावरच उत्पादनांची मोठी, स्पष्ट यादी द्यावी आणि प्रत्येक पानाच्या शेवटी पुढे कुठे जायचे ते दुवे द्यावेत. माणूस पान वाचून संपवतो तेव्हाच त्याला पुढचा दुवा हवा असतो.

जुळेसोलापूर

होटगीनाका, कीबोर्डचा मुद्दा रास्त आहे, अर्जाच्या पानावर पट्टी नसावी हे मी मान्य करतो. परंतु तळाची पट्टी ठेवली तर वरचा शीर्षभाग चिकटवायचा नाही, तो पानाबरोबर वर जाऊ द्यायचा. दोन्ही एकदम चिकटवणे हाच मोठा दोष आहे. पानाच्या शेवटी दुवे द्यावेत हे मात्र पूर्णपणे पटले.

विजापूरवेस

एक विनंती, कृपया व्ह्यूपोर्टच्या टॅगमध्ये पान मोठे करण्यास बंदी घालू नये. माझ्या वडिलांना दोन बोटांनी अक्षरे मोठी करूनच वाचता येते. आयफोनवर आयओएस १० पासून सफारी ही बंदी मानत नाही, पण इतर अनेक ठिकाणी ती अजून चालते आणि वयस्कर माणसाला पान सोडून द्यावे लागते.

ताणाबाणा

दरांच्या तक्त्याविषयी अजून कोणी लिहिले नाही, म्हणून लिहिते. फोनवर तक्ता दाखवण्याच्या दोन पद्धती प्रचलित आहेत. एक म्हणजे प्रत्येक ओळीचे स्वतंत्र कार्ड करणे, आणि दुसरी म्हणजे तक्ता तसाच ठेवून त्याच्याभोवती आडवी सरकणारी चौकट देणे.

कार्डे दिसायला नीटनेटकी असतात, परंतु व्यापारी दर वाचत नाही, तो दरांची तुलना करतो. तीस बाय साठ इंचाचा ४०० जीएसएमचा टॉवेल आणि तोच ५०० जीएसएमचा, या दोघांत फरक किती, हे त्याला एका नजरेत हवे असते. कार्डांत दोन दर एकमेकांपासून पडदाभर दूर जातात. म्हणून तुमच्यासाठी दुसरी पद्धत योग्य आहे. तक्ता आपल्या चौकटीतच सरकावा, सगळे पान सरकू नये. मालाच्या नावाचा पहिला रकाना जागेवर स्थिर असावा, आणि उजव्या कडेचा रकाना अर्धवट कापलेला दिसावा, म्हणजे पुढे आणखी काही आहे हे सांगावे लागत नाही. रकानेही कमी करता येतात: सगळ्या मालावर सारखाच असलेला कर प्रत्येक ओळीत लिहिण्याऐवजी तक्त्याखाली एकदाच लिहावा.

तक्त्याचे चित्र काढून ते पानावर डकवू नये, ही माझी कळकळीची सूचना आहे. चित्रातील आकडे शोधात सापडत नाहीत, मोठे केल्यावर फुटतात आणि पडदावाचकाला वाचता येत नाहीत.

नवीपेठ

ताणाबाणा ताई, चित्राबद्दल सहमत. परंतु पीडीएफ तरी ठेवावी. आमच्या दुकानात जी रेट लिस्ट येते ती आम्ही पुढे पाठवतो, छापून गल्ल्याजवळ लावतो. पानावरचा तक्ता असा पुढे पाठवता येत नाही.

ताणाबाणा

नवीपेठ, तुमचा अनुभव महत्त्वाचा आहे. पीडीएफ जरूर ठेवावी, पण तक्त्याच्या जागी नव्हे, तक्त्याच्या खाली. बटणावर फाईलचा आकार आणि दर लागू झाल्याची तारीख लिहावी, म्हणजे जुनी यादी घेऊन कोणी नव्या मालाचा सौदा करणार नाही.

अक्षरजुळणी

येथवरची चर्चा मांडणीची झाली, आता मराठी अक्षरांविषयी. इंग्रजी मजकुरासाठी ठरवलेले माप जसेच्या तसे देवनागरीला लावले की फोनवर वाचन अवघड होते. आपल्या अक्षरांना वर वेलांटी, मात्रा, रफार आणि खाली उकार, ऋकार असतात. ओळींतील अंतर अक्षराच्या आकाराच्या १.६ पट तरी ठेवावे, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीला भिडतो. अक्षरांचा आकार १६ पिक्सेलपेक्षा कमी नसावा, मी स्वतः १८ ठेवते. मथळ्यांत अक्षरांमधील अंतर वाढवण्याची जी पद्धत इंग्रजीत आहे, ती मराठीत अजिबात वापरू नये, कारण शिरोरेघ तुटते आणि शब्द विस्कटतो.

अनेक जुन्या संकेतस्थळांवर मराठी मजकूर युनिकोड (सर्व लिपींसाठीची समान संगणकीय पद्धत) येण्यापूर्वीच्या फॉन्टमध्ये आहे. तो फॉन्ट पानासोबत उतरला नाही, तर फोनवर केवळ रोमन अक्षरांची खिचडी दिसते आणि शोधातही काही सापडत नाही. असा मजकूर आधी युनिकोडमध्ये आणून घ्यावा. फॉन्टसाठी मुक्त किंवा नोटो सॅन्स देवनागरी हे दोन्ही मोफत आणि चांगले आहेत. जोडाक्षरांमुळे देवनागरी फॉन्टची फाईल रोमनपेक्षा मोठी असते, म्हणून दोनच जाडी घ्याव्यात, आणि फॉन्ट येईपर्यंत फोनमधील अक्षरांत मजकूर दिसेल अशी सोय ठेवावी.

आणखी एक मुद्दा खास सोलापूरचा आहे. आपल्याकडे तेलुगू आणि कन्नड बोलणारी घरे भरपूर आहेत आणि माल दक्षिणेकडेही जातो. भाषा बदलण्याचा दुवा तीन रेघांमागे न ठेवता पानाच्या अगदी वर ठेवावा, आणि प्रत्येक भाषेचे नाव तिच्याच लिपीत लिहावे. ज्याला मराठी येत नाही, तो मराठीतला मेनू उघडून भाषा शोधणार नाही.

पार्कचौक

अक्षरजुळणी यांच्या १६ पिक्सेलला आणखी एक आधार देतो. अर्जातील रकान्याची अक्षरे १६ पिक्सेलपेक्षा लहान असली, तर आयफोनचा ब्राउझर त्या रकान्यावर टेकताच पान आपोआप मोठे करतो आणि माणसाला ते पुन्हा हाताने लहान करावे लागते. फोन क्रमांकाच्या रकान्याला त्याचा प्रकार सांगितला की आकड्यांचा कीबोर्ड उघडतो. संपर्काच्या पानावरील क्रमांकही नुसता लिहू नये, दाबल्यावर फोन लागेल असा दुवा द्यावा.

सिद्धेश्वरतळे

वेगाविषयीही बोलले पाहिजे. जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेत होम मैदानाजवळ फोन उघडून पाहावा, नेटवर्कवर इतका ताण असतो की जड पान उघडतच नाही. गावांतही अनेक ठिकाणी अशीच स्थिती वर्षभर असते. टॉवेलच्या संकेतस्थळावर वजन छायाचित्रांचे असते. कॅमेऱ्यातून निघालेले चित्र तसेच चढवू नये. एकाच चित्राच्या दोन-तीन रुंदीच्या प्रती वेबपी या हलक्या चित्रस्वरूपात ठेवून ब्राउझरला योग्य ती निवडू द्यावी, आणि पडद्याखालची चित्रे माणूस तिथे पोचेल तेव्हाच उतरतील असे करावे. सर्वात वरच्या चित्राला मात्र ही उशिरा उतरण्याची सोय लावू नये, ते आधी यायला हवे.

प्रत्येक चित्राची रुंदी आणि उंची कोडमध्ये लिहावी, म्हणजे ब्राउझर जागा राखून ठेवतो. ती लिहिली नाही, तर चित्र येताच मजकूर खाली उडी मारतो आणि 'दर' दाबायला गेलेले बोट भलत्याच दुव्यावर पडते. गुगलने यासाठी मापे दिली आहेत: पानातील मुख्य भाग २.५ सेकंदांत दिसावा, उडीचे माप ०.१ च्या आत असावे, आणि स्पर्शाला प्रतिसाद २०० मिलिसेकंदांत मिळावा. हे शेवटचे माप मार्च २०२४ मध्ये जुन्या मापाच्या जागी आले.

लष्करकर

तपासणी कशी करावी? पूर्वी गुगलचे एक पान होते, त्यात पत्ता टाकला की मोबाईलस्नेही आहे की नाही ते कळत असे.

सिद्धेश्वरतळे

ते साधन गुगलने डिसेंबर २०२३ मध्ये बंद केले. क्रोम ब्राउझरमधील लाइटहाउस हे पान तपासण्याचे साधन आजही वापरता येते. त्याच ब्राउझरच्या विकासक साधनांत फोनचा पडदा निवडून रुंदी ३२० पिक्सेलपर्यंत कमी करावी. डब्ल्यूसीएजी २.१ ची अपेक्षाही हीच आहे, की या रुंदीला मजकूर आडवा सरकवल्याशिवाय वाचता यावा. तक्त्यासारख्या गोष्टींना त्यात सूट आहे, त्यामुळे ताणाबाणा ताईंची पद्धत नियमात बसते.

तरीही खरा फोन हातात घेणे टळत नाही. स्वस्तातला, दोन-तीन वर्षे जुना अँड्रॉइड फोन घ्यावा, भर उन्हात उभे राहून पान उघडावे, आणि संकेतस्थळ कधीच न पाहिलेल्या माणसाला 'या टॉवेलचा दर शोधा' एवढेच सांगून गप्प उभे राहावे. तो कुठे अडतो ते लिहून घ्यावे.

अक्कलकोटरोड

सर्वांचे मनापासून आभार. वेगळे संकेतस्थळ आणि ॲप हे दोन्ही विचार सोडले आहेत, आहे त्याचीच मांडणी बदलणार आहे. मेनूची यादी कागदावर उतरवली, तेव्हा 'यंत्रसामग्री' आणि 'प्रमाणपत्रे' ही पाने मोठ्या निर्यातदारांशिवाय कोणी मागत नाही हे लक्षात आले. ती दोन्ही 'आमच्याविषयी'मध्ये जातील. तळाची पट्टी ठेवत आहे, पण होटगीनाका यांच्या म्हणण्याप्रमाणे अर्जाच्या पानावर ती नसेल. तक्ता चौकटीत सरकणारा, आणि खाली पीडीएफ.

आता शेवटचा प्रश्न. पाने एकत्र केली की जुने पत्ते बदलतील. व्यापाऱ्यांच्या व्हॉट्सॲपमध्ये आणि छापील पत्रकांवर जे जुने पत्ते आहेत, त्यांचे काय करावे?

दमाणीनगर

प्रत्येक जुन्या पत्त्यावरून त्याच्या जवळच्या नव्या पानाकडे कायमचे, म्हणजे ३०१ प्रकारचे, वळण द्यावे. सगळे जुने पत्ते सरसकट मुख्यपृष्ठाकडे वळवू नयेत. ज्याने 'नॅपकिन'ची लिंक दाबली, त्याला नॅपकिनच दिसले पाहिजे. काम सुरू करण्यापूर्वी सध्याच्या सर्व पत्त्यांची यादी काढून ठेवावी, समोर नवा पत्ता लिहावा, आणि नवी मांडणी चढवल्याच्या दिवशी ती यादी हातात घेऊन फोनवर एकेक लिंक दाबून पाहावी.